आपला रस्ता नव्याने होतोय: सोसायट्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या रस्त्याचं काम ठरल्यापासून पूर्ण होईपर्यंत मी अकरा बैठकांना हजर होते. काही क्षेत्रीय कार्यालयात झाल्या, काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, आणि दोन भर रस्त्यात उभ्या उभ्या. पहिल्या चार बैठका नुसत्या आरडाओरड्यात गेल्या, कारण काय विचारायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. समोरचे अभियंतेही 'तुमच्या सूचना लिहून द्या' यापलीकडे काही बोलत नव्हते. पाचव्या बैठकीला कुणीतरी रस्त्याचा छेद-नकाशा मागितला, म्हणजे ज्याला सगळे क्रॉस सेक्शनच म्हणतात तो: रस्ता आडवा कापला तर कशाला किती रुंदी मिळते ते दाखवणारा. तो टेबलावर पसरला आणि पहिल्यांदा दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलायला लागल्या. आता शेजारच्या सोसायट्यांकडून आम्हाला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते.

रस्ता धड आहे. मग उकरताय कशाला?

वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार, महावितरणच्या केबल, गॅसची पाइप आणि इंटरनेटच्या केबलींचा गुंता असतो. पुण्यात जिथे पूर्वी बंगले होते तिथे आता सात-आठ मजली इमारती आहेत. पण खालची ड्रेनेज लाइन बऱ्याच ठिकाणी बंगल्यांच्या हिशोबाने टाकलेलीच आहे. जोराचा पाऊस झाला की चेंबरचं झाकण वर उचललं जातं, ते याचमुळे. शिवाय समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहरभर नव्या जलवाहिन्या टाकाव्या लागल्या. अशा वेळी रस्ता न खोदता काम होत नाही.

मात्र पहिल्याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: हे नुसतं डांबरीकरण आहे की पुनर्रचना? डांबरीकरणात जुन्या पृष्ठभागावर नवा थर येतो, बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं. पुनर्रचनेत पदपथ, पार्किंग, गटारं, दिव्याचे खांब, रस्त्याची पातळी सगळंच नव्याने ठरतं. आमच्याकडे निम्मी मंडळी पहिल्या कामाबद्दल भांडत होती आणि निम्मी दुसऱ्याबद्दल.

रुंदीकरण म्हणजे आमचं कुंपण आत घ्यावं लागणार का?

पुनर्रचना आणि रुंदीकरण या वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्रचना साधारणपणे कुंपण ते कुंपण जेवढी जागा आज आहे तेवढ्यातच होते. रुंदीकरण विकास आराखड्यातल्या रुंदीनुसार होतं, किंवा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची ठरवलेली हद्द, आखून. रस्तारेषा आखायची तर जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. कुणी रात्रीत येऊन भिंत पाडत नाही.

तरी आपल्या रस्त्याची आराखड्यातली रुंदी आणि जागेवरची रुंदी दोन्ही मागून घ्या. बऱ्याचदा कागदावर बारा मीटर असतात आणि टेप लावला की अकरा भरतात, कारण कुणाचा ओटा पुढे आलेला असतो, कुणाची कुंडीची रांग, कुणाच्या जिन्याची पायरी. आमच्या सोसायटीचा पाण्याच्या मीटरचा चौथराच चाळीस सेंटिमीटर बाहेर होता. तो आम्ही आधी आत घेतला आणि मग इतरांशी बोलायला गेलो. त्याशिवाय कुणी ऐकलं नसतं.

बारा मीटरच्या रस्त्यात नक्की काय काय बसतं?

हा हिशोब प्रत्येक रहिवाशाने एकदा स्वतःच्या हाताने मांडावा, असं मी आग्रहाने सांगेन. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा पदपथ, म्हणजे चार गेले. दोन्ही दिशांच्या गाड्यांना वस्तीतल्या रस्त्यावर साडेपाच मीटर पुरतात. झाले साडेनऊ. उरले अडीच. सगळं भांडण या अडीच मीटरचं असतं. त्यात एका बाजूला गाड्यांची रांग लागू शकते, किंवा झाडं, बाक आणि भाजीवाल्याची जागा होऊ शकते, किंवा थोडं हे आणि थोडं ते. दोन्ही बाजूंना पार्किंग, रुंद पदपथ आणि ऐसपैस वाहनमार्ग असं सगळं बारा मीटरमध्ये बसत नाही. कुणी बसवून देतो म्हणाला तर त्याच्याकडून छेद-नकाशा काढून घ्या आणि आकड्यांची बेरीज करा.

पदपथाचे दोन मीटर का, असाही प्रश्न येतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे निवासी भागात चालायला निदान १.८ मीटर आणि दुकानांच्या भागात २.५ मीटर मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे मोकळी: मध्ये खांब नाही, विजेचा डीपी बॉक्स नाही, फ्लेक्स नाही. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे केली, त्यांचाही रोख हाच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तेव्हा 'पदपथ ही चैन आहे' हा मुद्दा बैठकीत टिकत नाही.

एका रविवारी सकाळी आमच्या भागाचे कनिष्ठ अभियंता चुन्याची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी नव्या पदपथाची कड रस्त्यावर प्रत्यक्ष आखली. नकाशावर सगळं छान बसलं होतं. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी वॉकर घेऊन देवळाकडे निघाल्या. त्या पांढऱ्या रेषेच्या आतून चालत आल्या आणि महावितरणच्या पेटीपाशी थांबल्या. पेटी आणि कुंपण यांच्या मधून वॉकर जाईना. अभियंत्यांनी टेप लावला: ५४ सेंटिमीटर. आजींनी वॉकर उचलून वाकडा केला, एक पाय रेषेबाहेर टाकला आणि पलीकडे गेल्या. कुणी काही बोललं नाही. अभियंत्यांनी खिशातली डायरी काढून पेटी पार्किंगच्या पट्ट्यात सरकवण्याची नोंद केली. त्या एका नोंदीसाठी तीन महिने अर्ज करत बसलो असतो. म्हणून सांगते, कड चुन्याने आखून दाखवा अशी मागणी जरूर करा.

आमचं पार्किंग जाणार का?

काही प्रमाणात, हो. हे आधीच मान्य करून बोलायला बसलं तर वाट निघते.

रस्त्यावरची जागा कुठल्याही फ्लॅटच्या नावावर नसते. आमच्या बैठकीत एक काका म्हणाले, "पंचवीस वर्षं गाडी इथेच लावतोय, आता कुठे नेऊ?" त्यांचा आवाज कापत होता, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडी दाराशी लागणं त्यांना खरंच गरजेचं होतं. उप अभियंता मॅडमनी शांतपणे विचारलं, "काका, सोसायटीच्या आत तुमचा स्लॉट आहे ना?" होता. त्यात मुलाच्या लग्नात आलेला जुना सोफा आणि दोन बंद पडलेल्या दुचाकी होत्या. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या पोरांनी मिळून तो रिकामा केला. काकांची गाडी आता लिफ्टपासून दहा पावलांवर लागते.

बैठकीआधी स्वतः मोजणी करा. पहाटे सहाला उभ्या असतात त्या गाड्या रहिवाशांच्या, सकाळी अकराला असतात त्यातल्या बऱ्याच दुकानांच्या, क्लासच्या आणि दवाखान्याच्या. या दोन गर्दींचा इलाज एक नाही. शंभर मीटर लांबीत एका बाजूला, प्रत्येक चारचाकीला साडेपाच मीटर धरले तर अठरा गाड्या बसतात. गेट, वळणं आणि झाडं वजा केली की बारा-तेरा. एवढा आकडा समोर असला की 'सगळ्यांचं पार्किंग ठेवा' ही मागणी आपोआप 'या तेरा जागा कुणाला' अशी होते. त्यातल्या दोन दवाखान्यासमोर ठेवा, एक रिक्षासाठी ठेवा, दुचाकींना वेगळा पट्टा मागा. एका चारचाकीच्या जागेत चार-पाच दुचाकी लागतात आणि पुण्यात ज्याच्या घरी चारचाकी नाही त्याच्याकडेही दुचाकी असतेच.

सम-विषम तारखेचं पार्किंग, नो पार्किंगचे फलक हे सगळं वाहतूक पोलिसांच्या सहमतीने होतं. पथ विभागाच्या अभियंत्याशी त्यावर तासभर वाद घालून उपयोग नाही. वाहतूक शाखेचा माणूस बैठकीला हवा असा आग्रह आधीच धरा.

काँक्रीट चांगलं की डांबर?

यावर घराघरांत दोन तट पडतात. जुने पुणेकर याला एकच उत्तर देतात: जंगली महाराज रस्ता. १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने तो बांधला, दहा वर्षांची हमी दिली, आणि हमी संपल्यावरही कित्येक पावसाळे तो खड्ड्यांविना टिकला. तो रस्ता डांबरीच होता. म्हणजे टिकाऊपणा नुसत्या वरच्या मालावर नाही. खालचे खडीचे थर नीट दाबले गेले का, पाणी कडेला वाहून जाईल असा उतार दिला का, आणि नंतर कुणी तो पुन्हा पुन्हा फोडला नाही ना, यावर सगळं आहे. पाणी साचलं की डांबर सुटतं. डांबराचा खरा शत्रू पाणी आहे, वाहनं नाहीत.

काँक्रीटचा रस्ता जड वाहनांना आणि पाण्याला जास्त दाद देत नाही, हे खरं. पण तो फोडला की ठिगळ कायमचं दिसतं, दुरुस्ती महाग पडते आणि पाणी मुरायला जागा राहत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की जिथे खालच्या सगळ्या वाहिन्या आधी बदलून घेतल्या आहेत आणि बसची वर्दळ आहे तिथे काँक्रीट घ्यावं. गल्लीबोळात, जिथे दर दोन वर्षांनी कुणाला ना कुणाला नवं नळजोड लागतं, तिथे चांगलं डांबर पुरे.

काँक्रीट होत असेल तर दोन गोष्टींवर नजर ठेवा. ओतल्यावर साधारण दिवसभरात सांधे कापले गेले पाहिजेत, नाहीतर रस्ता स्वतःच्या मर्जीने तडकतो. आणि क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहणं. काँक्रीटची पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबाने मोजतात आणि त्यातले सुरुवातीचे दिवस ते सतत ओलं राहायला हवं. आमच्याकडे मार्चच्या उन्हात गोणपाट टाकलं होतं, पण दुपारी हात लावला तर कोरडंठाक. टँकर सकाळी एकदाच यायचा. समोरच्या वॉचमनकाकांनी आणि दोन शाळकरी मुलांनी सोसायटीच्या बोअरचा पाइप ओढून दुपारचं पाणी मारायला सुरुवात केली. ते काम कंत्राटदाराचं होतं आणि त्याच्याकडूनच ते करून घ्यायला हवं होतं, हे आम्हाला उशिरा सुचलं. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा: दिवसातून किती वेळा पाणी, आणि ते बघणार कोण?

रस्ता उंच झाला तर पावसाचं पाणी सोसायटीत शिरेल का?

शिरू शकतं, आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. पार्किंगवर इतका वेळ जातो की याच्यापर्यंत बैठक पोहोचतच नाही.

जुना थर न खरवडता नवा टाकला की रस्ता वर येतो. दर वेळी चार सेंटिमीटर धरले तरी तीन वेळांत बारा. जवळजवळ एक पायरी गेली. मग ज्या इमारतीच्या पार्किंगमधून पाणी पूर्वी रस्त्यावर जायचं तिथे आता रस्त्याचं पाणी आत येतं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे उंबरे बघा, कित्येक ठिकाणी रस्त्यावरून आत जाताना खाली उतरावं लागतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाण्याला जायला वाट नसली की काय होतं ते या शहराने बघितलं आहे. पुराचं कारण नुसती रस्त्याची उंची नव्हतं, पण प्रत्येक चौरस फूट झाकत गेलं की ओढ्यांवरचा भार वाढतोच.

काय करायचं? काम सुरू होण्याआधी कुंपणाच्या भिंतीवर आजच्या रस्त्याच्या पातळीपाशी ऑइलपेंटने आडवी रेघ मारा, तारीख टाका, फोटो काढा. अभियंत्यांकडून तयार रस्त्याची पातळी मागा आणि ती या रेघेच्या वर असेल की खाली हे त्यांच्याच तोंडून सर्वांसमोर ऐका. जुना थर खरवडणार असं सांगितलं तर किती खोल ते विचारा. पावसाळी गटाराच्या जाळ्या कुठे येणार ते नकाशावर बघा आणि आजवर पाणी जिथे साचतं त्या जागांशी जुळवून पाहा. त्या जागा तुम्हाला ठाऊक असतात, अभियंत्यांना नाही. ते जूनमध्ये रात्री तुमच्या गेटसमोर उभे नसतात.

आमची लाल रेघ अजून आहे. नवा रस्ता तिच्या दोन बोटं खाली आहे.

गेटसमोर पदपथ तोडणार का?

तोडू देऊ नका. पदपथ गेटपाशीही त्याच पातळीत सलग राहावा आणि गाडीने छोट्या उतारावरून वर चढून आत जावं, अशी रचना मागा. नाहीतर दर वीस पावलांवर उतरा-चढा, आणि म्हातारी माणसं वैतागून रस्त्यावरूनच चालतात. कडेच्या दगडाची उंचीही १५ सेंटिमीटरच्या वर नको. 'उंच केला की गाड्या चढत नाहीत' असं काही जण सुचवतात. गाड्या चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावता येतात. आजींना मात्र उंच पायरीला पर्याय नसतो.

झाडं तोडणार का?

झाड तोडायला किंवा पुनर्रोपण करायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं जातं. झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली की सात दिवसांत लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

तोडण्याइतकाच धोका बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतण्याचा असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलेलं आहे. खोदाईत मुळं तुटली तर ते झाड त्या दिवशी पडत नाही, दोन पावसाळ्यांनी पडतं, आणि तेव्हा दोष वाऱ्याला देतात. जेसीबी झाडाजवळ आला की माणसाने हाताने खोदायचं, एवढं वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचं काय?

बैठकीला त्या नसतात, म्हणून त्यांच्या वतीने हा प्रश्न मी इथे विचारते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि जागा ठरवणं हे शहर फेरीवाला समितीमार्फत व्हायचं असतं, आणि हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या अडीच मीटरच्या पट्ट्यात दोन गाड्यांची जागा सोडली तर तीन हातगाड्या पदपथ न अडवता उभ्या राहतात. आमच्याकडे हे सुचवल्यावर विरोध झाला. मग एका वहिनींनी विचारलं, "कोथिंबीर संपली की तुम्ही कुठे जाता?" जागा मंजूर झाली.

एकदा रस्ता केल्यावर पुन्हा खोदणार नाहीत याची काय हमी?

पूर्ण हमी कुणीच देऊ शकत नाही. धोका कमी मात्र करता येतो. खोदलेला रस्ता बुजवण्याआधी पाणीपुरवठा, मलनिःसारण, विद्युत, महावितरण, गॅस आणि केबल कंपन्या या सगळ्यांची एकत्र पाहणी झाली का, हे विचारा. आडव्या केबलींसाठी रिकाम्या डक्ट, म्हणजे पोकळ नळ्या, टाकल्या का, ते बघा. नंतर केबल त्यातून ओढता येते. आणि आपल्या सोसायटीचं काय? नळजोड वाढवायचा आहे, ड्रेनेजचं चेंबर बदलायचं आहे, पुनर्विकास येऊ घातलाय, तर ती कामं आधी उरका. नवा रस्ता फोडणाऱ्यांत सोसायट्याही असतात.

आमच्या मागच्या गल्लीत नवं डांबर पडल्यावर तीन आठवड्यांत एका खात्याने मधोमध चर खणला. लोक संतापले, मीही. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन खात्यांच्या कामांच्या तारखा एकमेकांना कुणी कळवल्याच नव्हत्या. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत एकच कागद मागतो: कुठलं खातं कुठल्या महिन्यात काय करणार, त्याची यादी, सह्यांसकट.

सूचना कधी दिली तर उपयोग होतो?

हे आम्ही चुका करून शिकलो, तुम्ही आधीच समजून घ्या. काम पूर्वगणनपत्रकाच्या, म्हणजे एस्टिमेटच्या टप्प्यावर असतं तेव्हा जवळजवळ काहीही बदलता येतं. निविदा निघाली की बदल अवघड होतात. कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा आदेश, दिल्यावर प्रत्येक बदलाला वरची मंजुरी, दरांची तुलना आणि लेखापरीक्षणात उत्तर देण्याची तयारी लागते. 'अभियंते ऐकत नाहीत' असं आम्ही म्हणत होतो. खरं तर त्यातले काही जण कार्यादेशानंतरच्या बदलाखाली सही करायला घाबरत होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. एका कनिष्ठ अभियंत्याकडे आमच्यासारखे किती रस्ते, शिवाय खड्ड्यांच्या तक्रारी आणि निवडणुकीची ड्यूटी, हे ऐकल्यावर मी त्यांना रात्री नऊनंतर फोन करणं बंद केलं.

म्हणून अंदाजपत्रकात आपल्या रस्त्याचं नाव दिसलं की त्याच आठवड्यात पथ विभागात जा. छोट्या कामांसाठी नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे. त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात, तिथेही विषय मांडा.

नगरसेवकांशिवाय हे होतं का?

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. तेव्हा ज्या सोसायट्यांना अर्ज, आवक क्रमांक (अर्ज कार्यालयात नोंदला की मिळतो तो) आणि पाठपुरावा जमला त्यांचं काम पुढे सरकलं. आता नगरसेवक आहेत, त्यांना बोलवा, पण अर्जाची सवय सोडू नका. नगरसेवकाच्या फोनने कामाला गती येते. आवक क्रमांक असला की ते फाइलमध्ये राहतं.

माहिती देत नसतील तर?

माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पुष्कळांना ठाऊक नसतं की या कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. छेद-नकाशा, निविदेच्या अटी, चाचणी अहवाल आणि दोषदायित्वाचा कालावधी (ज्यात बिघाड कंत्राटदाराने दुरुस्त करायचा असतो), एवढं मागा. पण आधी तोंडी मागून बघा. आम्हाला चारपैकी तीन कागद नुसत्या विनंतीवर मिळाले.

बैठकीला काय न्यावं?

तीस मीटरचा टेप. रस्त्याचे फोटो, भर पावसातले. मोजणीचा कागद. बोलायला जास्तीत जास्त तीन माणसं, आणि त्यातली एक तरी रोज पायी चालणारी. शाळेत जाणारं मूल किंवा व्हीलचेअर वापरणारं कुणी येऊ शकत असेल तर त्यांना पुढे बसवा. बैठक संपल्यावर ठरलेल्या गोष्टी तिथेच वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी ईमेलने पाठवा.

काम चालू असताना रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर कसा येणार?

एका वेळी रस्त्याची एकच बाजू घ्या, असं लेखी मागा. खणलेल्या चराला बॅरिकेड आणि रात्रीचा दिवा हवाच. डायलिसिसला जाणारे, बाळंतपण जवळ आलेले, अंथरुणाला खिळलेले यांची यादी सोसायटीने मुकादमाकडे आधी द्यावी. आमच्या मुकादमांनी ती यादी जेसीबीच्या काचेवर चिकटवली होती आणि एका रात्री दीड वाजता स्वतः लोखंडी प्लेट टाकून गाडीला वाट करून दिली. पावसाळ्याच्या तोंडावर नवीन खोदाई सुरू होत असेल तर मात्र थांबवायला सांगा.

सायकल ट्रॅक होणार का?

बारा मीटरच्या रस्त्यावर वेगळ्या ट्रॅकची गरज नसते. गाड्यांचा वेग कमी असला की सायकल वाहनमार्गावरून सुखाने चालते. वेगासाठी नुसता स्पीडब्रेकर मागू नका. चौकात पदपथाच्या पातळीचं उंच क्रॉसिंग मागा, गाडी हळू होते आणि माणूस न उतरता ओलांडतो.

गणपतीच्या मांडवाचं काय?

मंडळांना बैठकीला बोलवाच. नव्या रस्त्यात खांबासाठी खड्डे घेता येणार नाहीत, ही गोष्ट ऑगस्टमध्ये कळली तर भांडण होतं. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी स्वतः मांडवाचं माप आणून दिलं आणि आता वजनाच्या पायावर मांडव उभा राहतो.

रस्ता वर्षभरात उखडला तर?

दोषदायित्वाच्या कालावधीत दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार-सेवेवर फोटोसह तक्रार टाका आणि त्यात या कालावधीचा उल्लेख करा, म्हणजे महापालिकेच्या पैशातून ठिगळ मारलं जाणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तेव्हा कुणी पडलं तर दवाखान्याचे कागद, जागेचा फोटो आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आमच्या रस्त्याची पहिली पाहणी पुढच्या आठवड्यात आहे. कुणी सोबत येईल का?

मी येईन, आमच्या वॉचमनकाकांनाही घेऊन येते. क्युरिंगबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. चुना अभियंते आणतील, टेप माझ्याकडे आहे. तुम्ही तेवढं ऑइलपेंट आणा आणि त्याआधी एकदा सकाळी सहाला गाड्या मोजून ठेवा.